विज्ञानकथेतलं पिस्तूल घरी बनवताना

माझं पहिलं लेझर पिस्तूल बनवायला आठ दिवस लागले. रंग जमला, दिवा लागला. मग पूर्ण पोशाख चढवून आरशासमोर उभा राहिलो, तर हातात पोराचं खेळणं उचलून आणल्यासारखं दिसत होतं. सिनेमातल्या मूळ पिस्तुलापेक्षा ते चांगलं चार बोटं आखूड झालं होतं. आता मी फोमला कटर लावण्याआधी पट्टी घेऊन बसतो.

वस्तू नेमकी बाजूने दिसते असा फोटो शोधा, शक्यतो लांबून झूम करून घेतलेला. जवळून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याकडचं टोक फुगलेलं दिसतं आणि सगळं गणित बिघडतं. फोटोत वस्तू धरलेला हात असेल तर काम सोपं. समजा, स्क्रीनवर तळहाताची रुंदी ११० पिक्सेल भरली आणि पिस्तुलाची लांबी ३४०. तळहात साधारण साडेआठ सेंटिमीटर धरला, तर पिस्तूल सव्वासव्वीस सेंटिमीटरच्या आसपास येतं. हात आणि वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील, तरच हा हिशेब चालतो.

मूळ प्रॉप, म्हणजे सिनेमात पात्राच्या हातात दिसणारी वस्तू, कशापासून बनवलं होतं ते कळलं, तर अंदाज बांधायची गरजच उरत नाही. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूकच्या प्रकाश-तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा-फ्लॅशची बॅटरी-नळी होती. हान सोलोचं पिस्तूल उभं राहिलं ते माउझर सी९६ या खऱ्या पिस्तुलावर. या वस्तूंची मापं ठरलेली आहेत, त्यामुळे बाकीचे भाग त्यांच्या हिशेबाने बसवता येतात.

आता जाड पुठ्ठ्यावर आकृती काढून कापा, मुठीत धरा आणि मूळ फोटोतल्याच पोझमध्ये कुणाकडून तरी स्वतःचा फोटो काढून घ्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की चूक लगेच डोळ्यात भरते. पुठ्ठा पुन्हा कापायला दहा मिनिटं लागतात.

मुख्य भागासाठी ईव्हीए फोम, म्हणजे चपलांच्या तळव्यासारखा दाट, लवचिक फोम, उत्तम. अंगाला १० मिलिमीटर जाडीचा घ्या आणि वरच्या पट्ट्या-झाकणांना २ मिलिमीटरचा. नळीसाठी प्लॅस्टिक पाइप चालतो, पण रंग धरावा म्हणून तो आधी पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या. कटरचं पातं सरळ उभं धरा आणि एकाच लांब ओढीत कापा. मागेपुढे करवतलं की कड दातेरी होते. फोम पात्याची धार फार लवकर मारतो, त्यामुळे पातं बदलताना कंजुषी नको. कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या आणि मगच जोडा. एकदा टेकलं की ते सरकत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने खुणा करून ठेवा. जोडणी झाली की हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) हलती ठेवून सगळ्या फोमवरून फिरवा. पृष्ठभाग किंचित चकाकला, म्हणजे छिद्रं मिटली. गोंदाची आणि तापलेल्या फोमची वाफ घशात बसते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. घासताना मास्क हवाच.

खरी मजा इथून पुढे. बॉलपेनची स्प्रिंग, टोपणं, बंद पडलेल्या रिमोटची बटणं, रणगाड्याच्या मॉडेल किटमधली उरलेली चाकं असं काहीबाही चिकटवलं की यंत्र दिसायला लागतं, आणि मग हात थांबत नाही. पण नीट बघा, बहुतेक नवशिक्यांची प्रॉप्स इथेच फसतात, कारण वस्तूवर एक इंचही मोकळा सोडलेला नसतो. मी प्रत्येक तुकडा लावण्याआधी स्वतःला विचारतो, ‘हा करतो काय?’ ही जाळी उष्णता बाहेर टाकते, ही वायर मुठीतल्या बॅटरीपासून नळीकडे जाते, हा खटका अंगठ्याच्या टप्प्यात आहे. उत्तर खोटं असलं तरी चालेल, पण असायला हवं. स्क्रू कुठे असेल? जिथे झाकण उघडावं लागेल तिथे. वायर एका भोकातून निघाली तर दुसऱ्या भोकात शिरलीच पाहिजे. हवेत संपलेली वायर बघणाऱ्याला नेमकी सांगता येत नाही, पण खटकते.

सुट्या भागांसाठी जुना कॅमेरा किंवा फ्लॅश मात्र उघडू नका. बॅटरी काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार उरलेला असू शकतो.

दिव्याचं गणित सोपं आहे. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. ९ व्होल्टच्या बॅटरीतून उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरने (प्रवाहाला अडवणाऱ्या छोट्या भागाने) झेलायचे. २० मिलिअँपिअर प्रवाह धरला तर उत्तर ३५० ओहम येतं, म्हणून बाजारात मिळणारा ३९० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर लावा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. उजेड टोचरा वाटला तर एलईडीचा घुमट पॉलिश पेपरने धूसर करा. बॅटरीला चुंबकाचं झाकण ठेवा. मी एकदा बॅटरी आत बंद करून टाकली होती, आणि ती संपल्यावर रंगवलेली मूठ चिरावी लागली.

रंगाआधी फोमवर पांढऱ्या गोंदात थोडं पाणी घालून तीन-चार पातळ हात द्या आणि मग प्रायमर मारा. कुठे थर्माकोल वापरला असेल तर त्यावर थेट स्प्रे मारू नका, तो विरघळतो. त्यानंतर काळा, त्यावर चंदेरी. चंदेरी वाळला की जिथे पोपडे दाखवायचे तिथे टूथपेस्टचे ठिपके द्या, वर मुख्य रंग मारा आणि वाळल्यावर ओल्या फडक्याने पुसा. खालचा धातू उघडा पडतो.

पोपडे कुठे उडवायचे, याचं उत्तर पुन्हा वापरात आहे. म्यानात घासणारं नळीचं टोक, खटक्याभोवतीची जागा, मुठीची खालची कड. सगळीकडे सारखे ओरखडे असतील तर ते कुणी मुद्दाम काढल्यासारखे दिसतात. शेवटी काळपट तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून खाचांत सोडा आणि वरचा लगेच पुसून घ्या. मळ आत राहतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर चंदेरी घेऊन फक्त कडांवरून फिरवा. इथे हात आवरणं कठीण जातं, म्हणून रात्रभर तसंच ठेवून सकाळी दिवसाउजेडी बघा. निम्म्या वेळा आणखी काही करावंसं वाटत नाही.

वस्तू जितकी हुबेहूब, तितकं तिला बाहेर नेताना जपायला हवं. रस्त्यात ती बंद पिशवीतच ठेवा, कुणावर रोखू नका आणि कार्यक्रमाचे प्रॉपविषयीचे नियम आधी वाचा. नळीचं टोक भडक केशरी हवं, अशी अट काही ठिकाणी असते. त्यासाठी मी एक वेगळं टोपण बनवून ठेवतो. परत आल्यावर बॅटरी काढून ठेवा. गळली तर आतल्या पट्ट्या गंजतात, आणि पिस्तूल उन्हात राहिलं तर फोमचे सांधेही सुटतात.