उडी मारण्याआधी: कार्डावरून प्रोग्रॅम उचलणाऱ्या बूटलोडरची तयारी

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान सांभाळणारे बोर्ड तयार होतात. नवा बेदाणा यायला लागला की तासगावच्या स्टोरेजवाल्याला ‘दोन दिवस बोर्ड काढून नेतो’ असं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही एक सोय केली. नवा प्रोग्रॅम एसडी कार्डावर फाइल म्हणून टाकायचा, बोर्ड बंद-चालू करायचा, आणि फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) बसलेल्या बूटलोडरने, म्हणजे बोर्ड चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, ती फाइल वाचून रॅममध्ये मांडून चालू करायची. हे काम पुढे जो हाती घेईल त्याच्यासाठी ही तयारी लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की धरा. बूटलोडरचं शेवटचं काम म्हणजे मेमरीतल्या एका पत्त्यावर उडी मारणं, म्हणजे ताबा नव्या प्रोग्रॅमकडे देणं. ती मारली की चूक सांगायला मागे कोणी उरत नाही, म्हणून सगळ्या शंका उडीआधीच फेडून घ्यायच्या. यातूनच कामाचा क्रम ठरतो: पूर्ण फाइल आधी रॅमच्या एका मोकळ्या कोपऱ्यात आणायची, तिथे तपासायची, आणि मगच तिचे तुकडे जागच्या जागी ठेवायचे. कार्डावरून एकदा तपासणीसाठी आणि एकदा चालवण्यासाठी असं दोनदा वाचू नका. तपासलेली प्रत आणि चालवलेली प्रत एकच असली पाहिजे. त्यासाठी रॅमचा नकाशा कागदावर काढा: बूटलोडरचा कोड कुठे, स्टॅक (त्याची कामापुरती तात्पुरती जागा) कुठे, फाइलचा कोपरा कुठे, प्रोग्रॅमला कुठली जागा मोकळी. हा कागद हातात आल्याशिवाय कोडची एक ओळही लिहू नका.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. त्यावरची कार्डं दुकानातून एक्सफॅट होऊन येतात आणि आपला कोड फॅट३२ वाचतो (कार्डावर फाइल्स मांडण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती). कार्ड ओळखण्याच्या टप्प्यात क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या वर जाऊ देऊ नका. जुन्या लहान कार्डांना पत्ता बाइटमध्ये द्यावा लागतो, एसडीएचसीला (त्याहून मोठ्या, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना) ५१२ बाइटांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सेक्टरमध्ये. हा फरक विसरला तर पहिला सेक्टर बरोबर येतो आणि पुढचे सगळे चुकीचे. पहिल्या सेक्टरचा क्रमांक शून्य, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, म्हणून पहिल्या सेक्टरवर विश्वास टाकून थांबू नका.

त्या पहिल्या सेक्टरच्या शेवटी हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ५५ आणि एए दिसले की अनेकांना हायसं वाटतं. पण ही खूण पार्टिशन टेबलच्या (कार्डाचे भाग कुठून सुरू होतात त्या यादीच्या) सेक्टरलाही असते आणि फॅटच्या बूट सेक्टरलाही असते. काही कार्डांवर पार्टिशन टेबल नसतंच, फाइल सिस्टिम थेट शून्याव्या सेक्टरपासून सुरू होते. दोन्ही प्रकारची कार्डं तयार करून टेबलावर ठेवा. फॅट१६ की फॅट३२ हे सेक्टरात लिहिलेल्या नावावरून ठरवू नका, क्लस्टर (फाइलला जागा देताना धरलेले सेक्टरांचे गट) मोजून ठरवा: ४०८५ पेक्षा कमी असतील तर फॅट१२, ६५५२५ पेक्षा कमी असतील तर फॅट१६, त्यापुढे फॅट३२. कुठल्या क्लस्टरनंतर कुठला, हे सांगणाऱ्या फॅट३२ च्या तक्त्यातल्या नोंदीतले वरचे चार बिट आपले नव्हेत, ते झाकूनच नोंद वाचा.

डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद ३२ बाइटांची. नावाला आठ अक्षरं, विस्ताराला तीन, उरलेल्या जागी स्पेस, आणि मधला टिंब साठवलेलाच नसतो. पहिला बाइट ई५ असेल तर फाइल पुसलेली आहे, शून्य असेल तर यादी तिथे संपली. लांब नावांच्या नोंदी शून्य-एफ या खुणेने ओळखून सोडून द्या. आम्ही फाइलचं नाव आठ-तीनमध्ये, मोठ्या अक्षरांत ठरवून टाकलंय. बूटलोडरमध्ये लांब नावांचा कोड घालायची गरज मला अजून पडलेली नाही.

खरी परीक्षा क्लस्टरच्या साखळीची, म्हणजे त्या तक्त्यावरून फाइलचा पुढचा तुकडा शोधत जाण्याची. नुकत्याच फॉरमॅट केलेल्या कार्डावर फाइल सलग बसते, त्यामुळे साखळी वाचणारा कोड साफ चुकलेला असला तरी प्रोग्रॅम चालतो. म्हणून मुद्दाम एक विस्कटलेलं कार्ड तयार करा: लहान लहान फाइल्सनी कार्ड भरा, एक सोडून एक पुसा आणि मग आपली फाइल टाका. साखळी खराब होऊन स्वतःकडेच वळली तर बोर्ड गोल गोल फिरत राहील, तेव्हा फाइलच्या आकारावरून किती क्लस्टर लागतील ते आधी काढा आणि तेवढ्याच पावलांनंतर थांबा.

आता फाइलच्या आत शिरू. आमच्या बोर्डावर ६४ बिटांचा आर्म प्रोसेसर आहे आणि फाइल ईएलएफ स्वरूपाची (प्रोग्रॅमचे तुकडे आणि त्यांचे पत्ते सोबत लिहिलेली). पहिले चार बाइट ७एफ, मग ई, एल, एफ ही अक्षरं. पाचवा बाइट २, म्हणजे ६४ बिट. प्रोसेसरचा क्रमांक १८३. प्रकार २ (ठरलेल्या पत्त्यांवर चालणारा प्रोग्रॅम) असेल तरच पुढे जा; ३ असेल तर पत्ते दुरुस्त केल्याशिवाय फाइल चालणार नाही, आणि ते काम आपला लोडर करत नाही. मग प्रोग्रॅम हेडर (प्रत्येक तुकड्याची माहिती देणाऱ्या नोंदी) एकेक घेऊन ‘लोड’ प्रकारचे तेवढे निवडा. प्रत्येकाला विचारायचं: फाइलमधली तुझी सुरुवात आणि लांबी फाइलच्या आतच आहे ना? रॅममधली लांबी फाइलमधल्या लांबीहून कमी तर नाही? तुझी जागा त्या कागदावरच्या मोकळ्या पट्ट्यातच येते ना? इथे बेरीज करून तुलना करू नका. मोठे आकडे मिळवले की बेरीज उलटून लहान होते आणि तपासणी खुशाल पास होते. मर्यादेतून वजा करा आणि उरलेल्याशी तुलना करा. उडी जिथे मारायची तो सुरुवातीचा पत्ता अंमलात आणण्याजोग्या तुकड्याच्या आत पडतो का, हेही इथेच बघा.

रॅममधली लांबी फाइलमधल्या लांबीहून जास्त असते तेव्हा वरची जास्तीची जागा शून्याने भरायची असते. पहिल्या बोर्डाला मी ती भरली नव्हती. लॅपटॉपवर क्यूईएमयूत (बोर्डाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चार दिवस सगळं नीट चाललं, कारण तिथली रॅम मुळातच शून्याने भरलेली मिळते. खऱ्या बोर्डावर मात्र ‘कंप्रेसर चालू आहे’ सांगणारा फ्लॅग सुरुवातीलाच एक निघाला आणि कंप्रेसर सुरूच होईना. तेव्हापासून बूटलोडर उठल्यावर मोकळी रॅम आधी ए५ ने भरून टाकतो. शून्यावर अवलंबून असलेली कुठलीही चूक मग टेबलावरच उघडी पडते.

क्यूईएमयू आणखी एक गोष्ट झाकतं: प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याची जवळची छोटी वेगवान मेमरी. आपण मांडलेला कोड डेटा कॅशमध्येच अडकून राहू शकतो आणि सूचना वाचणाऱ्या कॅशला जुनंच काही दिसतं. म्हणून आर्मवर डेटा कॅश खाली रॅममध्ये उतरवायची, सूचनांची कॅश रद्द करायची आणि बॅरिअर (आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणाऱ्या सूचना) घालायचे, हे उडीआधी हवंच. एक्स८६ वर (पीसीच्या प्रोसेसरवर) हे हार्डवेअर स्वतः सांभाळतं, त्यामुळे पीसीवर हात बसलेल्यांकडून हे हमखास सुटतं. इंटरप्ट बंद करा, टायमर थांबवा, आणि एसडी कंट्रोलरचं डीएमए (प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये लिहिणं) पूर्ण थांबलंय याची खात्री करा. नाहीतर ते नव्या प्रोग्रॅमच्या अंगावर लिहीत राहील.

बोर्ड पीसीच्या घराण्यातला आणि यूईएफआयवाला (पीसी सुरू करणाऱ्या आजच्या फर्मवेअरचा) असेल तर यातलं बरंच काम फर्मवेअर करतं. फाइल पीई स्वरूपाची (विंडोजच्या प्रोग्रॅमसारखी) लागते, रस्ता उलट्या तिरप्या रेघांनी लिहायचा, आणि लोड करणं व सुरू करणं ही दोन वेगळी पावलं असतात. फाइल मेमरीतून दिली तर सोबत डिव्हाइस पाथही (फाइल कुठल्या डिस्कवरची ते सांगणारा पत्ता) द्या, नाहीतर आपण कुठल्या डिस्कवरून आलो हे त्या प्रोग्रॅमला कळत नाही.

सीआरसी (फाइलच्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवा, पण तो फक्त खराब झालेली फाइल पकडतो, मुद्दाम बदललेली नाही. कार्ड कोणीही काढू शकतो, तेव्हा डिजिटल सहीची तपासणी हवी. फ्लॅशमध्ये जुना, चाललेला प्रोग्रॅम राहू द्या. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) उडीआधी चालू करा आणि प्रयत्नांचा आकडा उडीआधी वाढवा. नवा प्रोग्रॅम नीट उभा राहिला की त्यानेच तो आकडा पुसायचा. तीन प्रयत्न फसले की फ्लॅशमधला चालवायचा. हा आकडा कार्डावर लिहू नका, बूटलोडरने कार्ड फक्त वाचावं.

जाताना पिशवीत दोन कार्डं घ्या, एकावर नवी फाइल आणि दुसऱ्यावर सध्या चालू असलेली. यूएसबी-सिरियल केबल घ्या. लाल दिवा किती वेळा लुकलुकला तर काय बिघडलं याचा तक्ता मराठीत छापून बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा, कारण रात्री तिथे ऑपरेटर एकटाच असतो. आणि निघण्याआधी त्याच्यासमोर बोर्डाचा एमसीबी एकदा पाडून वर करा. लाइट जाऊन आल्यावर बोर्ड आपला आपण उठतो, हे त्याने डोळ्यांनी बघू द्या.