कर्नलचा बिल्ड पडला? शेवटची नाही, पहिली चूक वाचा

उबंटूवर स्वतःचा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सोर्स कोडपासून बांधायला घेतलेली मुलं माझ्याकडे बहुतेक वेळा एकच फोटो घेऊन येतात. मोबाईलवर काढलेला, टर्मिनलच्या शेवटच्या पाच-सहा ओळींचा, तळाशी ‘एरर २’. त्या ओळींत शोधण्यासारखं काही नसतं. मेक म्हणजे बिल्ड चालवणारी आज्ञा; आतला एक मेक पडला म्हणून बाहेरचाही पडला, एवढाच ‘एरर २’चा अर्थ. आठ कामं एकदम चालू असताना एक पडलं तरी बाकीची हातातलं संपवूनच थांबतात, आणि त्यांच्या ओळी खऱ्या चुकीला वर ढकलत राहतात.

यावर सोपा उपाय आहे. एकदम अनेक कामं चालवणारा ‘जे’ पर्याय न देता नुसतं मेक पुन्हा चालवा. झालेल्या फाइली तो परत बांधत नाही, त्यामुळे अडलेल्या जागी लवकर पोचतो आणि या वेळी खरी चूक तळाशीच दिसते.

कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं याची यादी, कोऱ्या पाटीवरून सुरू करू नका, हे मी प्रत्येकाला बजावते. बूट डिरेक्टरीत चालू कर्नलची कॉन्फिग फाइल असते. ती सोर्समध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाने ठेवा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा. मात्र कर्नल डॉट ऑर्गवरचा सोर्स असेल तर उबंटूची ही फाइल हमखास एका जागी अडते: ‘नो रूल टू मेक टार्गेट’, आणि पुढे कॅनोनिकल-सर्ट्स डॉट पेम. उबंटूच्या कॉन्फिगमध्ये त्यांची सर्टिफिकेटं कर्नलमध्ये घालायला सांगितलेलं असतं, पण ती फाइल त्यांच्याच सोर्समध्ये असते, तुमच्याकडे नाही. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ने कॉन्फिग बदलायचा मेन्यू उघडा, क्रिप्टोग्राफिक एपीआयमध्ये सर्टिफिकेट्सचा विभाग शोधा, आणि सिस्टिम ट्रस्टेड कीज व सिस्टिम रिव्होकेशन कीज या दोन्हींतला मजकूर पुसून टाका. एकच पुसली तर थोड्या वेळाने दुसरी अडवते.

फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल आणि लिबएल्फ यांची डेव्ह पॅकेजं, आणि ड्वार्व्ह्‌ज आधीच टाकून ठेवा. ‘हेडर सापडत नाही’ अशा बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. सोर्सच्या फोल्डरच्या नावात, किंवा त्याच्या वरच्या कुठल्याही फोल्डरच्या नावात, स्पेस नको.

कंपायलर ‘किल्ड’ म्हणून मेला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. बहुधा रॅम संपलेली असते. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं की खात्री झाली. ४ जीबीच्या लॅपटॉपवर एका वेळी दोनच कामं द्या. कर्नल हॅकिंगच्या मेन्यूत डीबग इन्फर्मेशन बंद केलीत तर रॅम आणि डिस्क दोन्हींवरचा ताण खूप उतरतो. शिकताना ती लागत नाही.

बिल्ड लवकर व्हावा म्हणून ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरणार असाल तर आधी पेनड्राइव्ह, वायफायचा डोंगल, प्रिंटर सगळं जोडून घ्या. त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलंच (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) तो ठेवतो.

इन्स्टॉल करण्यापूर्वी लोकल व्हर्जनमध्ये ‘-सराव’सारखी स्वतःची खूण घाला. मग नवी मॉड्यूलं वेगळ्या फोल्डरात जातात. आधी ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’, नंतर ‘इन्स्टॉल’. जुना कर्नल काढू नका, कधीच. नवा अडला तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणारा प्रोग्राम) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून तोच तुम्हाला परत आत घेतो. मेन्यू दिसत नसेल तर युईएफआय मशीनवर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट.

बूटच्या वेळी ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून पॅनिक आलं, म्हणजे कर्नल हात टेकून थांबला, तर कंसातले आकडे बघा. (०,०) असेल तर कर्नलला रूटची (मुख्य फाइलसिस्टिमची) डिस्कच सापडलेली नाही. दुसरे आकडे असतील तर डिस्क दिसते आहे, फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर तपासा. (०,०)चं नेहमीचं कारण इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर पुरवणारी फाइल) नसणं किंवा अर्धवट बनणं. जुन्या कर्नलमध्ये जा आणि बूट डिरेक्टरीत नव्या व्हर्जनची ‘इनिटआरडी’ (हीच ती फाइल) आहे का, तिथली जागा संपली आहे का, ते पाहा. डीबग माहितीसकट मॉड्यूलं टाकली की ती फाइल फार फुगते. मॉड्यूलं टाकताना ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ १ ठेवा.

‘बॅड शिम सिग्नेचर’ आलं तर सिक्युअर बूटने (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी मशीनची सोय) सही नसलेला कर्नल अडवला आहे. सरावाच्या मशीनवर सिक्युअर बूट बंद करा. पण त्याच लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, कारण पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं.

आणि तरीही अडलात तर फोटो नको. पहिल्या चुकीच्या आसपासच्या वीसेक ओळी टेक्स्टमध्ये, तुमची डॉट कॉन्फिग, कर्नलचं आणि जीसीसी कंपायलरचं व्हर्जन, आणि शेवटचं चाललं त्यानंतर काय बदललं ते पाठवा.