आई-बाबांचा मेडिक्लेम निवडताय? या चुका टाळा

साठीच्या पुढच्या माणसाची पॉलिसी घेताना बहुतेक घरांत दोनच आकडे बघितले जातात: विमा रक्कम किती आणि हप्ता किती. प्रत्यक्ष क्लेमच्या वेळी हातात काय पडणार, हे मात्र आतल्या पानांवरच्या अटी ठरवतात. खालच्या बहुतेक चुका त्या अटी न वाचल्यामुळेच होतात.

आई-बाबांना आपल्याच फ्लोटरमध्ये घालणे

फ्लोटर म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी. तिचा हप्ता साधारणपणे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. सत्तरीतले वडील आत आले की बायको-मुलांसकट सगळ्यांचं गणित महागतं. शिवाय रक्कम सगळ्यांत मिळून एकच. बाबांची अँजिओप्लास्टी झाली की त्या वर्षी बाकीच्यांना उरतं थोडंच. आई-बाबांची पॉलिसी वेगळी असावी, आणि दोघांनाही जुने आजार असतील तर शक्यतो दोघांच्या दोन.

"ऑफिसच्या पॉलिसीत आहेत की दोघं"

आहेत, पण नोकरी आहे तोवर. मुलाने नोकरी बदलली आणि नव्या कंपनीने पालकांना कव्हर दिलं नाही, तर अडुसष्टाव्या वर्षी शुगर-बीपीसह बाजारात उभं राहायची वेळ येते. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला वेटिंग पिरियड (ठरावीक आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) धरला जातो. पण त्यासाठी कव्हर संपायच्या आधी हालचाल करावी लागते, आणि राजीनाम्याच्या गडबडीत हे कुणाला आठवतं? आई-बाबा धडधाकट असतानाच एक स्वतंत्र पॉलिसी चालू केलेली बरी.

स्वस्त हप्त्यामागचा को-पे आणि रूमची मर्यादा न बघणे

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. ज्येष्ठांसाठीच्या कित्येक प्लॅनमध्ये १० ते ३० टक्के को-पे असतो, म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपला. त्यात रूमचं भाडं विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंतच, अशी अट असली की हिशेब असा होतो:

विमा रक्कम ५ लाख, म्हणजे रूमची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये. आईला ८,००० ची रूम घेतली, पाच दिवस. बिल ३,२०,००० रुपये: रूमचे ४०,०००, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंगचे १,६०,०००, औषधं-तपासण्या-इम्प्लांटचे १,२०,०००. लोकांना वाटतं, रूमचे वरचे १५,००० तेवढे आपण भरू. पण ज्या हॉस्पिटलात रूमच्या दर्जाप्रमाणे बाकीचे दरही वाढतात, तिथे डॉक्टर-थिएटरचं बिलसुद्धा त्याच प्रमाणात (८,००० ला ५,०००) कापलं जातं. १,६०,००० चे १,००,००० होतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. मंजूर झाले २,४५,०००. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे आणखी ४९,००० गेले. विमा कंपनी देणार १,९६,००० आणि आपल्या खिशातून जाणार १,२४,०००. पाच लाखांची पॉलिसी असूनही!

मोतीबिंदू किंवा गुडघा बदलण्यासाठी ठरावीक रकमेची वेगळी मर्यादा आहे का, तेही बघा. या वयात लागतात नेमकी हीच ऑपरेशनं, आणि त्यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियडही असतो. माझं मत विचाराल तर दहा लाखांच्या को-पेवाल्या पॉलिसीपेक्षा रूमची मर्यादा नसलेली, बिनको-पेची पाच लाखांची पॉलिसी घ्यावी आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपुढचा खर्च देणारी जोड-पॉलिसी, लावावा.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप एकच समजणे

डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेच्या पुढेच टॉप-अप पैसे देतो ती रक्कम, ५ लाख धरा. वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, बिलं ४ लाख आणि साडेतीन लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल सुटं बघतो, त्यामुळे एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि ५ लाखांवरचे अडीच लाख देतो. म्हातारपणी ॲडमिशन एकावर थांबेलच असं नाही, तेव्हा नाव नीट वाचूनच घ्या.

बीपी-शुगर लपवणे

"फॉर्मवर लिहू नका हो, उगाच हप्ता वाढेल," असं सांगणारे एजंट आजही भेटतात. मग ॲडमिशनच्या वेळी डॉक्टर विचारतात, बीपी कधीपासून? आणि आजी मोकळेपणाने सांगतात, "झाली की दहा-बारा वर्षं!" ते केसपेपरवर येतं, केसपेपर विमा कंपनीकडे जातो आणि क्लेम अडकतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. खरं लिहून तीन वर्षं काढणं परवडतं. फॉर्म एजंटने भरला तरी सही करण्याआधी स्वतः वाचा.

सत्तरीनंतरचं सरकारी कार्ड विसरणे, किंवा त्यावरच विसंबणे

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं; सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची योजना) मात्र दोहोंतून एक निवडावं लागतं. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून. कार्ड योजनेतल्या हॉस्पिटलांतच चालतं, म्हणून आपलं नेहमीचं हॉस्पिटल त्यात आहे का, ते आधी विचारून ठेवा.

चिडून जुनी पॉलिसी सोडून देणे

हप्ता वाढला की राग येतो, साहजिक आहे. पण जानेवारी २०२५ पासून विमा कंपनीला नियामकाशी सल्लामसलत न करता ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. तरीही बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे जुनी पॉलिसी न तोडता दुसऱ्या कंपनीकडे न्या. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस अर्ज द्या. जुन्या विमा रकमेपुरता काढलेला वेटिंग पिरियड पुढे मोजला जातो, वाढवलेल्या रकमेला तो नव्याने लागतो. नवी कंपनी प्रकृती पाहून नकारही देऊ शकते, म्हणून तिचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता चुकवू नका.