एजंट ‘रेडी’ दिसतो, पण कॉल लागत नाही? स्टेटसच्या या चुका टाळा

कॉल सेंटरच्या फ्लोअरवरचा रोजचा वाद. टीएल (टीम लीडर) म्हणतो, “तू अव्हेलेबल होतास, मग कॉल का सोडलास?” एजंट म्हणतो, “सर, कॉल वाजलाच नाही.” पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात. एजंटने स्वतः निवडलेलं स्टेटस आणि सिस्टिमने त्याच्या लाइनची ठरवलेली अवस्था या दोन वेगळ्या नोंदी आहेत. जेनेसिस क्लाउड या कॉल सेंटर सॉफ्टवेअरमध्ये तर त्या वेगवेगळ्या दिसतात: एजंट ‘ऑन क्यू’ (कॉलच्या रांगेत हजर) असतो, आणि त्याच वेळी त्याची राउटिंग अवस्था, म्हणजे त्याच्याकडे कॉल पाठवायचा की नाही याची नोंद, ‘नॉट रिस्पाँडिंग’ असू शकते. डॅशबोर्डचा एकच रकाना बघून निवाडा करणं ही पहिली चूक, आणि तिचा फटका एजंटच्या इन्सेंटिव्हला बसतो.

ठरलेल्या सेकंदांत कॉल उचलला नाही, की बहुतेक सिस्टिम्स तो दुसऱ्याकडे वळवतात आणि या एजंटला रांगेतून बाजूला काढतात. फ्लोअरवर याला ‘रोना’ (रिडायरेक्ट ऑन नो आन्सर) म्हणतात. परत रांगेत यायला साधारणपणे एजंटलाच बटण दाबावं लागतं. त्याला हे कळलं नाही, तर तो कॉलची वाट बघत बसतो आणि इकडे ग्राहक ताटकळतात. म्हणून मेमो काढण्याआधी तीन गोष्टी बघा. ब्राउझरला मायक्रोफोनची परवानगी आहे का? रिंगचा आवाज काढून ठेवलेल्या हेडसेटमध्येच जातोय का? त्या वेळी व्हीपीएन तुटलं होतं का?

शिफ्ट संपल्यावर लॉगआउट न करता नुसती विंडो बंद करणं हा दुसरा घोळ. ॲमेझॉन कनेक्ट या कॉल सेंटर सेवेत असं केलं, तर एजंट अव्हेलेबलच राहतो आणि रिकाम्या खुर्चीकडे कॉल जात राहतात. सुपरवायझरला रिअल-टाइम रिपोर्टमधून त्याचं स्टेटस बदलता येतं, पण आधी ते लक्षात यायला हवं.

ॲस्टेरिस्क या फोन सॉफ्टवेअरवर क्यू (कॉलची रांग) चालवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासाच. एजंट थेट फोनऐवजी ‘लोकल’ या आभासी चॅनेलने जोडलेला असेल, तर तो बोलत असतानाही क्यूला मोकळा दिसू शकतो. मग चालू कॉलवर दुसरा कॉल येतो. मेंबर (एजंट) जोडताना स्टेट इंटरफेसमध्ये, म्हणजे तो मोकळा आहे का हे जिथून बघितलं जातं तिथे, त्याचा खरा फोन द्या आणि ‘रिंगइनयूज’ (बोलत असणाऱ्यालाही कॉल पाठवण्याची सेटिंग) बंद ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र माणसांची आहे, आणि तिला आपली टार्गेट्सच खतपाणी घालतात. एएचटी (एका कॉलमागे लागणारा सरासरी वेळ) कमी दिसावा म्हणून एजंट कॉलनंतरच्या नोंदी रॅप-अपमध्ये, म्हणजे त्यासाठीच्या राखीव वेळेत, न करता ब्रेक किंवा ‘इतर’ कोड लावून करतात. समजा, बोलणं 4 मिनिटांचं आणि नोंदी दीड मिनिटाच्या. अर्ध्या तासात 100 कॉल आले, तर खरं काम 550 मिनिटांचं, म्हणजे 18.3 अर्लांग (एक अर्लांग म्हणजे त्या अर्ध्या तासात एका माणसाचं अखंड काम). रिपोर्टमध्ये मात्र 400 मिनिटंच, म्हणजे 13.3 अर्लांग दिसतात. प्लॅनिंगवाला त्यावरून 15-16 जणांचं रोस्टर लावतो. प्रत्यक्षात 19 पेक्षा कमी माणसांत ही रांग आवरणारच नाही. जे हजर असतात ते पिचून निघतात, आणि वर ‘ब्रेक जास्त घेतले’ हा ठपका त्यांच्याच माथी. रॅप-अपला पुरेसा वेळ द्या, आणि तो वापरला म्हणून कुणाला बोलू नका.

ब्रेक कोडही मोजकेच ठेवा: जेवण, चहा, ट्रेनिंग, मीटिंग, तांत्रिक अडचण. वीस पर्यायांची यादी दिली, तर घाईत वरचाच कोड निवडला जातो.

पगारापर्यंत जाणारा वाद असेल, तर दिवसाची बेरीज पुरत नाही. स्टेटस कधी बदललं आणि कोणी बदललं, एजंटने, सिस्टिमने की सुपरवायझरने, हे दाखवणारा इव्हेंट लॉग काढा. वेळही नीट बघा. अशा फायली बऱ्याचदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात; त्यात नाइट शिफ्टचा रात्री 2 वाजताचा ब्रेक आदल्या तारखेला रात्री 8:30 ला दिसतो आणि लॉगिनच्या आधीच ब्रेक घेतल्यासारखं वाटतं. साडेपाच तास मिळवा, मगच एजंटला बोलवा.