पुण्यातल्या गच्चीवर भेंडी

पुण्यात भेंडी लावायला दोन वेळा चांगल्या: थंडी ओसरल्यावर, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, आणि पाऊस सुरू झाल्यावर जून-जुलै. डिसेंबरात टोकलेलं बी गार मातीत उगवत नाही, कुजून जातं.

भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून पसरट कुंडी कामाची नाही. 20 लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा. तीत दोन झाडं, जास्त नकोत. निम्मी माती, बाकी चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. रोज निदान सहा तास ऊन हवंच.

बियांचं कवच टणक असतं. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून पाऊण इंच खोल टोका, एका जागी दोन. रोप दुसरीकडे तयार करून हलवलं तर मूळ दुखावतं आणि झाड खुरटतं. उगवल्यावर कमजोर रोप उपटू नका, कात्रीने कापा. उपटलं की शेजारच्याची मुळं उघडी पडतात.

तिसऱ्या आठवड्यात आणि पुढे फुलं लागल्यावर मूठभर गांडूळखत पुरतं. युरिया टाकला तर पाला माजतो आणि त्या कोवळ्या पाल्यावर मावा, तुडतुडे तुटून पडतात.

खरी भीती केवडा या रोगाची. पान उन्हाकडे धरून बघा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा दिसला तर तो केवडा. उलट, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असेल तर ती अन्नद्रव्याची कमतरता. त्यासाठी झाड उपटू नका. केवडा विषाणूचा रोग, त्याला औषध नाही. पांढरी माशी तो पसरवते, म्हणून रोगट झाड दिसलं त्याच दिवशी काढून पिशवीत बांधा. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. बी घेताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका मागा. केवड्याला तोंड देण्यासाठीच हे वाण काढलेले आहेत.

साधारण दीड महिन्यात फूल येतं: फिकट पिवळं, आत गडद तांबडा डोळा. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. तिथून पाचव्या-सहाव्या दिवशी भेंडी तोडा, तीन-चार इंचांची असतानाच. टोक कट्‌कन मोडलं तर कोवळी. नुसतं वाकलं तर आत धागा धरलाय. एक दिवसाआड तोडणी चुकवू नका. जून भेंड्या झाडावर राहिल्या की झाड सगळा जोर बियांत घालतं आणि नवी फुलं कमी येतात. लव अंगाला खाजते, तेव्हा पूर्ण बाह्या घाला आणि देठ कात्रीने कापा.

बी धरायचं असेल तर हंगामाच्या शेवटी निरोगी झाडावरच्या दोन भेंड्या पूर्ण वाळू द्या. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका, पुढच्या वेळी झाडं सारखी येत नाहीत.