शांतता करार कसा वाचायचा (हस्तांदोलनाचा फोटो सोडून)

कुठेतरी युद्ध थांबतं, नेते एका टेबलावर सह्या करतात, मागे पाहुणे टाळ्या वाजवतात आणि लगेच आपल्या ग्रुपवर मेसेज, चला मिटलं एकदाचं. आता खरंच मिटलंय का हे फोटोवरून कळत नाही, करार उघडून बघावा लागतो, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये, फक्त सुरुवात कुठून करायची ते माहीत पाहिजे. सरावाला बोस्नियाचा डेटन करार घ्या. त्याला ३० वर्षं होऊन गेली, कुठलं कलम चाललं आणि कुठलं बोंबललं ते सगळं दिसतंय, म्हणजे गाईडच्या शेवटी उत्तरं छापलेली असतात ना, तसं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९२ ते १९९५ बोस्नियातल्याच बोस्नियाक (तिथले मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट यांच्यात युद्ध, साधारण १ लाख माणसं गेली, आणि ४४ लाखांच्या देशातली जवळपास निम्मी लोकं घरादाराबाहेर. शेवटी अमेरिकेने सर्बियाचे मिलोशेविच, क्रोएशियाचे तुजमान आणि बोस्नियाचे इझेतबेगोविच या तिन्ही अध्यक्षांना ओहायोतल्या डेटनच्या हवाई तळावर तीन आठवडे बसवून ठेवलं, २१ नोव्हेंबर १९९५ ला जमलं, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या.

मुख्य करार वाचण्यात वेळ घालवू नका, तो छोटासाच आहे, लग्नपत्रिकेसारखा गोड गोड. खरा माल परिशिष्टांत, आणि ती ११ आहेत.

पहिलं बघायचं बंदूक कोणाच्या हातात आहे आणि ती चालवायची परवानगी आहे का. डेटनच्या आधीही तिथे युएनची फौज होतीच, तिचे पहिले कमांडर तर आपल्या मराठा लाईट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. पण त्या फौजेला काम दिलं होतं शांतता 'राखायचं' आणि तिथे राखायला शांतताच नव्हती. पुढे स्रेब्रेनित्सा या बोस्नियातल्या गावाला युएनने सेफ एरिया म्हणून जाहीर केलं, आणि जुलै १९९५ मध्ये तिथेच ८,००० हून जास्त पुरुष आणि पोरं मारली गेली. त्यामुळे परिशिष्ट १-अ मध्ये नाटोचे सुमारे ६०,००० सैनिक आणि जबरदस्ती करायचा स्पष्ट अधिकार आला. मुदत मात्र सांगितली एक वर्ष! नावं बदलत, संख्या घटत आजही परदेशी फौज तिथेच आहे, २००४ पासून युरोपियन युनियनची. तेव्हा वर्षभरात परत जाऊ असं कुठे लिहिलं असेल तर हसून पुढे जा.

दुसरं, निवडणुकीची तारीख. डेटनने सहा ते नऊ महिन्यांत घ्या म्हटलं, सप्टेंबर १९९६ ला झाल्या, लोकं अजून कॅम्पात आणि परक्या घरात, भीती ताजी, मग निवडून कोण येणार? तिन्ही बाजूंचे राष्ट्रवादी पक्षच. लोकं घरी परतायच्या आधी मतदान ठेवलं असेल तर तिथे लाल पेनने खूण करा.

आता माझं आवडतं, परिशिष्ट ७. प्रत्येक विस्थापिताला स्वतःच्या मूळ घरी परतायचा हक्क, वाचायला एकदम मस्त. पण त्या घरात दुसराच निर्वासित राहतोय, त्याचं घर पलीकडे तिसऱ्याने घेतलंय, आणि स्थानिक ऑफिसात फाईल हलतच नाही, कारण युद्धातल्या कायद्यांनी 'सोडून दिलेली' घरं वाटून टाकलेली. मग बाहेरून दबाव आणून ते कायदे बदलायला लावले, अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्यांना काढलं, अर्ज आले त्या क्रमाने निकाली काढायचा नियम केला, आणि २००४ पर्यंत दोन लाखांहून जास्त अर्जांपैकी ९० टक्क्यांच्या वर निकालात निघाले. तरी एक मेख आहे. घर परत मिळालं म्हणजे माणूस परत आला असं नाही, कित्येकांनी चावी घेतली आणि घर विकून टाकलं. आकडे वाचताना हे दोन वेगळे मोजा.

चौथं, अडलं तर ठरवणार कोण. परिशिष्ट १० मध्ये हाय रिप्रेझेंटेटिव्ह नावाचा परदेशी माणूस आहे, डिसेंबर १९९७ ला बॉनच्या बैठकीत त्याला कायदे लादायचे आणि लोकांना पदावरून काढायचे अधिकार मिळाले. यातून निघालेली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे गाडीची नंबर प्लेट. आधी प्लेटवरून कळायचं गाडी कुठल्या बाजूची, म्हणून लोकं देशातल्याच दोन भागांमधली रेषा ओलांडायला घाबरायची. १९९८ मध्ये सगळ्या देशाला एकच प्लेट आली, गावाचं नाव नाही, आणि अक्षरं फक्त ए, ई, जे, के, एम, ओ, टी, कारण ही लॅटिन (इंग्रजीची) आणि सिरिलिक (सर्बांची, रशियनसारखी) दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात. झालं, गाड्या इकडून तिकडे फिरायला लागल्या. तोटा हा की नावडते निर्णय तोच घेईल म्हणून स्थानिक पुढारी हात वर करून मोकळे.

परिशिष्ट ४ म्हणजे संविधान, आणि इथेच गोम आहे. देशाचे ५१-४९ टक्के असे दोन तुकडे (एक बोस्नियाक-क्रोएटांचा, एक सर्बांचा), तीन जणांचं अध्यक्षपद, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. ज्यू किंवा रोमा (जिप्सी) असाल तर उभंच राहता येत नाही! २००९ मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने सेजदिच (रोमा) आणि फिंची (ज्यू) यांच्या केसमध्ये हे चूक म्हटलं तरी नियम तसाच राहिला. हाडाला प्लास्टर घातलं पण ते कधी कापायचं ते लिहिलंच नाही.

आणि शेवटी काय *नाही* लिहिलंय ते शोधा. शाळांचा नीट विचार डेटनमध्ये नाही, म्हणून काही गावांत एका छताखाली दोन शाळा, मुलं वेगळ्या दारांनी किंवा वेगळ्या वेळी येतात, इतिहासही वेगळा शिकतात. यायत्से गावात २०१६ पासून पोरांनीच रस्त्यावर उतरून नवी वेगळी शाळा होऊ दिली नाही. गंमत म्हणजे ब्रच्को शहराचं डेटनमध्ये काहीच ठरलं नव्हतं, लवादाकडे ढकललं होतं, १९९९ च्या निकालाने ते देशाच्या दोन्ही तुकड्यांचं सामाईक आणि स्वतःचा कारभार असलेलं झालं, आणि एकत्र शाळा सुरू झाल्या त्या तिथेच.

पूर्ण मजकूर हाय रिप्रेझेंटेटिव्हच्या ऑफिसच्या साइटवर फुकट मिळतो. ७ पासून सुरू करा, मग १०, आणि ४ एकदम शेवटी, तेही चहा पिऊन.