हंटर शेपटीवर बसला! मोठ्या स्केलचं विमान बांधताना या चुका टाळा

शेवटचं चाक चिकटलं, विमान टेबलावर उभं केलं आणि हात काढून घेतला. विमानानं सावकाश नाक वर केलं आणि शेपूट टेकवून बसलं. हॉकर हंटर ह्या लढाऊ जेट विमानाचं १/३२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढं प्लास्टिकचं मॉडेल, लांबी जवळजवळ ४४ सेंटिमीटर, पंखांचा पसारा ३२. चार महिने त्यात घातले होते. रंग, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), सगळं उरकलेलं. भाचा शेजारीच होता. "मामा, ह्यानं टेक-ऑफ घेतलं की!" म्हणाला आणि आईला बोलवायला पळाला.

सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे बेळगावात विमानांचं वेड लागायला फार कारण लागत नाही. त्यातही हंटर माझं लाडकं. भारतानं १९५७ मध्ये त्याची ऑर्डर दिली आणि डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातल्या लोंगेवालाच्या वाळूत ह्याच विमानांनी पाकिस्तानी रणगाडे टिपले. असं विमान शेपटीवर बसलेलं बघवत नाही.

ही चूक लहान किटमध्ये चिमटीभर वजनानं निभावते, मोठ्या किटमध्ये नाही. नाकाखाली चाक असलेल्या प्रत्येक विमानाचा तोल मागच्या दोन चाकांच्या पुढे पडायला हवा. खऱ्या विमानात इंजिन, इंधन, तोफा मिळून तो साधतात. आपल्या प्लास्टिकच्या पोकळ नळीत ते कुठून येणार? म्हणून गोंदाची बाटली उघडायच्या आधी धडाचे दोन्ही अर्धे, पंख, शेपूट सगळं नुसतं टेपनं जोडा. मागची चाकं जिथं येणार तिथं खाली पेन्सिल आडवी ठेवा आणि नाकावर एकेक वजन टेपनं लावत जा. नाक खाली झुकलं की ते वजन काट्यावर मोजा आणि त्यात पाव हिस्सा वाढवा. रंग, पुट्टी आणि मागचे बारीक भाग तोल नंतर मागंच ओढतात. हिशेब तंतोतंत केला की फसलातच.

वजन म्हणून काय भरायचं? उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कुणी ओळखीचं असेल तर ओतीव भाग साफ करायला मारतात ते शॉट ब्लास्टिंगचे लोखंडी छर्रे मूठभर फुकट मिळतात. मीही आधी तेच आणले. पण लोखंडाची घनता ७.८ आणि शिशाची ११.३, म्हणजे तेवढ्याच जागेत शिसं जवळजवळ दीडपट वजन देतं. नाकातली जागा कमी असते, म्हणून गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या बऱ्या.

आता खरी गोम. ह्या गोळ्या लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदानं कधीही चिकटवू नका. तो गोंद आणि शिसं ह्यांची हळूहळू प्रक्रिया होते, पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते आणि काही वर्षांनी कपाटात ठेवलेल्या विमानाचं नाक शिवणीवर उकलतं. लोखंडी छर्रे अशा पाण्याच्या गोंदात गंजतात, ते वेगळंच. दोन ट्यूबांचा इपॉक्सी वापरा आणि तोही थोडा थोडा. लवकर वाळणारा इपॉक्सी एकदम ओतला तर इतका तापतो की पातळ प्लास्टिक वाकतं. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, पोरांना लांब ठेवायचं.

वजन वाढलं की ते पायांवर येतं. किटमधले प्लास्टिकचे पाय सहा महिन्यांत फेंगडे झालेले मी पाहिलेत, आणि पत्र्याच्या माळ्यावर एप्रिलात ठेवले तर सहा महिने लागतही नाहीत. पायात एक मिलिमीटरचं भोक पाडून स्टीलची तार बसवा. माझ्या हंटरचं म्हणाल तर पुढच्या चाकाच्या खोबणीतून भोक पाडून छर्रे आत ढकलले, पण पुरतं वजन बसलंच नाही. आता शेपटीखाली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची कांडी आहे. बघणाऱ्याला दिसत नाही. मला दिसते.

दुसरी चूक म्हणजे बेळगावच्या पावसात रंग मारणं. जूनला झड लागली की आमच्याकडे मीठ डब्यातच पाझरतं, पापड मऊ पडतात आणि लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट वाळणारा रंग, पांढरं पडतं. मी ऑगस्टच्या एका संध्याकाळी लॅकरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला. दहा मिनिटांत गडद हिरव्या पंखावर दुधाची साय धरावी तसा थर आला. कारण साधं आहे: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर दवासारखा बसतो. आमच्या गल्लीत गणपतीच्या मूर्ती रंगवणारे एक काका आहेत. त्यांचा नियम एका वाक्यात: मांडवाचा पत्रा घामेजला की रंगाची गन हातात घ्यायची नाही. मूर्ती द्यायची तारीख डोक्यावर असताना ते थांबतात, आपल्याला कसली घाई?

थांबवत नसेल तर थिनरमध्ये थोडं रिटार्डर घाला, म्हणजे ते सावकाश उडेल. साय धरलीच तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनर-रिटार्डरचा अगदी हलका फवारा मारा, बहुतेक वेळा ती विरघळते. खरवडत बसू नका. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणीही साठतं. रोज काम संपल्यावर खालचा कॉक उघडून टाकी रिकामी करा आणि एअरब्रशजवळ (रंग फवारायच्या छोट्या गनजवळ) पाणी अडवणारा फिल्टर लावा. नाहीतर ऐन चंदेरी रंगावर पाण्याचा थेंब थुंकल्यासारखा पडतो.

रंग दाट वापरण्याची चूक सगळेच करतात. पातळ ताकासारखा हवा: कपाच्या कडेवरून ओघळला पाहिजे आणि मागे हलकी झाक राहिली पाहिजे. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला पंधरा ते वीस पीएसआय एवढा हवेचा दाब पुरतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर रंग दाट आहे. हाताला वाळू लागल्यासारखा खरखरीत आला तर तुम्ही लांबून मारताय आणि रंग वाटेतच वाळतोय. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त म्हणून मॉडेलवर सरळ मारू नका, तो प्लास्टिक खातो. ब्रश धुवायला ठेवा. इनॅमलवर, म्हणजे सावकाश वाळणाऱ्या तेलकट रंगावर, लॅकर चढवू नका, खालचा थर सुरकुततो. लॅकरवर पूर्ण वाळल्यावर इनॅमल चालतं. आणि हे सगळं खिडकी उघडी ठेवून, वाफेचा मास्क लावून आणि देवघरातली समई विझल्यावर.

पोटाचा चंदेरी रंग मात्र पक्का चुगलखोर. पुट्टी वाळल्यावर आकसते हे माहीत असूनही मी त्याच रात्री वॉटर पेपर घेऊन घासायला बसलो. पंखाच्या मुळाशी हवा आत घेणारी तोंडं असतात, तिथली फट दुसऱ्या दिवशी पुन्हा बारीक खळीसारखी दिसली, तीही चंदेरी मारल्यावर. पुट्टी एक रात्र सोडा. मग ४००, ८००, १२०० असे पेपर पाण्यात भिजवून वापरा, करडा प्रायमर मारा आणि टॉर्च आडवी धरून बघा. रंगानंतर दिसणारे बहुतेक दोष रंगाच्या आधीचेच असतात. त्याआधी सगळे भाग भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुवायला विसरू नका. साच्याचं तेल राहिलं तर मास्किंग टेपबरोबर रंगही सोलून येतो. टेप आधी तळहाताला एकदा लावून तिचा चिकटपणा मारावा.

कॉकपिटची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावली तर त्याची वाफ आतून धुक्यासारखी बसते. ज्याला शिशासाठी नाही म्हटलं, तो पांढरा गोंद इथं मात्र उत्तम.

राहिले डेकल. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा असं आपलं वर्तुळ गडद रंगावर बसलं की त्याच्या कडेला चंदेरी झाक येते. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते, म्हणून आधी ग्लॉस, त्यावर डेकल, शेवटी मॅट. आमच्याकडे बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग उरतात. गॅरेजमध्ये बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आणा, बाटलीवर अ‍ॅसिड लिहिलेलं नाही एवढं बघून घ्या. झाक आलीच तर सुईनं बारीक टोचे मारून त्यावर डेकल मऊ करणारं द्रावण लावा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी डेकलखालून पॅनेलच्या रेषा उठून दिसतात.